गर्गे सर आणि उजेडात राहिलेल्या बाटल्या

प्रयोगशाळेत तीन स्टुले होती आणि तिन्हींवर यंत्राचे सुटे भाग मांडून ठेवलेले असत. ही जागेची अडचण नसून जाणूनबुजून केलेली व्यवस्था आहे, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळले. मी त्यांतले एक स्टूल रिकामे करून टेकले, तोच गर्गे सर माझ्या पाठीमागून खिडकीपर्यंत गेले, तेथून वळले आणि चालता चालताच म्हणाले, "बसलात? झालं वाटतं काम?"

"नाही सर, अजून दोन नमुने..."

"मग बसलात कशा?"

प्रश्नात राग नव्हता, खरीखुरी जिज्ञासा होती. काम शिल्लक असताना माणूस बसू कसा शकतो, हे त्यांना मनापासून समजत नसे.

नव्वदचे दशक सरत आले होते. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी देवळाली कॅम्पहून रोज बसने नाशिकला येत होते. एका धर्मादाय रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, क्ष-किरण विभागाला लागून, सरांची प्रयोगशाळा होती. माझे गणित सरळ होते: वर्षभर काम, एक शोधनिबंध, त्यावर माझे नाव आणि मग परदेशातली पीएच.डी. गर्गे सर हे माझ्या वाटेवरचे एक स्थानक होते. स्थानकाकडे प्रवासी जितके लक्ष देतो, तितकेच द्यायचे मी ठरवले होते.

ते अवघड गेले. सर उंच होते, खांदे पुढे झुकलेले, जणू कायम समोरून वारा येत आहे. एप्रनच्या उजव्या खिशात भाजलेले शेंगदाणे, डाव्या खिशात शेंगदाण्यांची टरफले. या दोहोंची अदलाबदल झालेली मी कधी पाहिली नाही. माणसांशी ते 'अहो' म्हणून बोलत, यंत्राशी 'अरे' म्हणून. यंत्र म्हणजे द्रवातले घटक वेगवेगळे करून मोजणारे एक जुने धूड. सातपूरच्या एका औषध कारखान्याने ते मोडीत काढले, तेव्हा सर स्वतः टेम्पोत बसून ते घेऊन आले होते. त्याचा पंप दर तासाला दम टाकी. मग सर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "अरे बाबा, दाब धर. एवढा नमुना जाऊ दे, मग रुसून बस." बहुतेक वेळा ते ऐके.

त्यांचा एकच प्रश्न साऱ्या रुग्णालयाला पाठ होता: "कशावरून?" उकाडा वाढला आहे म्हणावे, तर कशावरून, रुग्ण सुधारतो आहे म्हणावे, तर कशावरून. कॅन्टीनचा अप्पा एकदा म्हणाला, "सर, आत्ताच उतरवलाय चहा, एकदम ताजा."

"कशावरून?"

"घोट घ्या. जीभ भाजली तर ताजा, नाही भाजली तर उद्यापासून फुकट."

सरांनी उभ्या उभ्या घोट घेतला, जीभ भाजली, आणि ते अत्यंत समाधानाने म्हणाले, "मान्य."

त्यांना स्वतःला गेली वीस वर्षे छळणारा प्रश्न मात्र एका घोटात सुटणारा नव्हता. क्षयरोग बरा होतो. औषधे पूर्ण होतात, थुंकीत जंतू सापडत नाहीत, वजन वाढते, आणि तरीही काही माणसे पुन्हा पूर्वीसारखी उभी राहत नाहीत. ती थकलेली, उदास राहतात आणि उन्हे वर आली तरी अंथरूण सोडत नाहीत. घरचे आधी धीर देतात, मग टोमणे. डॉक्टर म्हणतात, रोग गेला. मग उरले ते काय?

सरांचे उत्तर असे होते. आपण खाल्लेल्या डाळीतून, दुधातून, शेंगदाण्यांतून ट्रिप्टोफॅन नावाचे एक अमिनो आम्ल शरीराला मिळते. त्याच्या थोड्या भागातून मेंदू मनःस्थिती आणि झोप सांभाळणारे द्रव्य तयार करतो. पण जंतू शिरला की शरीराच्या संरक्षक पेशी खवळतात आणि ट्रिप्टोफॅन भराभर मोडून त्याचे कायन्युरेनिन करून टाकतात. जंतूलाही ते हवे असते, त्याची उपासमार व्हावी म्हणून. "घरात चोर शिरला," सर सांगत, "आणि त्याला काही मिळू नये म्हणून घरधन्यानं स्वतःचंच कोठार पेटवलं. चोर मरेल किंवा पळेल. पण घरच्यांनी खायचं काय?" खवळलेल्या त्याच पेशींतून निओप्टेरिन नावाचे आणखी एक द्रव्य बाहेर पडते आणि लघवीत उतरते. "तो धूर. आग दिसत नाही, धूर मोजता येतो."

त्यांचा प्रश्न एवढाच होता, की चोर गेल्यावरही काही घरांत आग धुमसत राहते का. रोग बरा होऊनही थकलेल्या माणसांत निओप्टेरिन जास्त निघाले, रक्तात कायन्युरेनिन वाढून ट्रिप्टोफॅन घटलेले दिसले, तर तो थकवा आळस नव्हे, हे दाखवता येणार होते.

हा प्रश्न त्यांना पुस्तकात सापडलेला नव्हता, हे मला एका सकाळी कळले. सर चष्मा घरी विसरले होते आणि यंत्र सोडून जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी मला पंचवटीतल्या घरी पाठवले. साडेअकरा झाले होते. शेजारच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या लोखंडे वहिनींनी मला न विचारता सांगितले, "वाजवा कडी. उठल्या असतील बाईसाहेब तर उघडतील."

दार सुशीलाताईंनी उघडले. त्या सरांच्या धाकट्या बहीण. तेव्हा पन्नाशीच्या असतील. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली सावल्या, आणि आवाज मात्र खणखणीत.

"चष्मा ना? मोरीतल्या फळीवर आहे. तू घे, मला वाकवत नाही. तूच का ती परदेशात जाणारी? बैस. तिकडे तुम्हाला बसू देत नाही म्हणे तो."

मी बसले. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि तीन वाक्यांत स्वतःचा इतिहास सांगितला: एकोणिसाव्या वर्षी क्षय झाला, इंजेक्शनांनी बरा झाला, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत आपण दमलेल्या आहोत.

"आई आळशी म्हणायची. सगळेच म्हणायचे. दादाही. एकदा सिन्नरहून मला बघायला माणसं येणार होती. नऊ वाजले तरी मी उठेना, तर यानं तांब्याभर पाणी ओतलं अंगावर! मग मी ओल्या केसांनी बसले पाहुण्यांपुढे. नकार आला. याला आजतागायत वाटतं, नकार त्याच्या तांब्यामुळं आला." त्या हसल्या आणि हसूनही थकल्या. "अगं, मी मुलाच्या आईसमोर जांभई दिली होती. मोठ्ठी."

"सर तुमच्याबद्दल कधी बोलले नाहीत."

"कसा बोलेल? त्याला माझी बाजू बाटलीत सापडायची आहे. सापडली की मग बोलेल. या लोखंडे वहिनी मला टोमणा मारतात, तर त्यांना उभं करून ट्रिप्टोफॅन समजावतो. मागच्या दिवाळीत पाऊण तास. त्यांचं चकलीचं पीठ वाळून गेलं." मी निघताना त्या म्हणाल्या, "सांग त्याला एकदा, मी आळशीच आहे म्हणून. सुटेल बिचारा."

मी सांगितले नाही. प्रयोगशाळेत परतले तेव्हा सर खिडकी आणि यंत्र यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होते. चष्मा घेताना त्यांनी विचारले, "उठली होती?" आणि उत्तराची वाट न पाहता वळले.

सरांचे घराणे तीर्थोपाध्यायांचे. वडील रामकुंडावर यजमानांच्या वंशावळीच्या वह्या सांभाळत. कोणी कुठूनही आला, तरी गाव आणि आडनाव सांगताच त्याच्या पणजोबांचे नाव काढून देत. सरांनी तो व्यवसाय सोडला, वही सोडली नाही. त्यांच्या नमुन्यांच्या वहीत अनुक्रमांक नव्हते, गावे होती. गावाखाली आडनाव, वडिलांचे नाव, माणूस कसा आला, कोणती बस, वाटेत काय खाल्ले, नमुना किती वाजता हाती आला, किती वाजता शीतपेटीत गेला, मध्ये कोणाजवळ होता. ऊन, पाऊस, ढग हेही.

मला हे सारे अशास्त्रीय वाटे. "सर, मोजणाऱ्याला नमुना कुणाचा हे कळताच कामा नये. थकलेल्या माणसाची बाटली आहे हे माहीत असलं, की आपण नकळत आकडा जास्त वाचतो. संकेतांक हवेत."

सर दोन फेऱ्या मारून आले. "तुमचं बरोबर आहे. मी गावं लिहीत जाईन, तुम्ही संकेतांक द्या. शेवटी दोन्ही जुळवू."

निओप्टेरिन उजेडात टिकत नाही. म्हणून लघवीच्या बाटल्या काळ्या कागदात गुंडाळलेल्या असत. क्ष-किरणांच्या फिल्मच्या खोक्यांतून निघणारा हा कागद शेजारच्या विभागातून आम्हाला आयता मिळे. त्या कागदावरच नावाची चिठ्ठी डकवलेली असे. संकेतांक द्यायचा, तर कागद सोडवून काचेवर आकडा चिकटवायचा आणि पुन्हा कागद गुंडाळायचा. काम क्षणाचे होते.

थकलेल्या गटातली माणसे एकेकटी, जमेल तशी रुग्णालयात येत. लासलगावच्या बाजारात हमाली केलेला एक गृहस्थ मला आठवतो. तो म्हणाला होता, "ताई, दोन दोन गोण्या पाठीवर घ्यायचो. आता गोणीकडं नुसतं बघितलं तरी खाली बसावंसं वाटतं. बायको म्हणती, नाटकं." पूर्ण बरे होऊन कामाला लागलेल्यांचा गट मात्र बहुतांशी पेठ भागातला होता. तिकडच्या आरोग्य सेवकाने त्यांचे नमुने एकाच दिवशी, बर्फाच्या पेटीत, नीट कागदात गुंडाळून पाठवले.

जवळजवळ वर्षभराने आम्ही आकडे आणि गावे जुळवली. थकलेल्यांचे निओप्टेरिन बरे झालेल्यांच्या मानाने स्पष्ट जास्त होते. सरांनी तो तक्ता तीनदा वाचला. मग ते बाहेर गेले आणि अप्पाकडून दोन चहा स्वतःच्या हातांनी घेऊन आले. वीस वर्षांत त्यांनी कोणासाठी चहा आणला नव्हता, असे अप्पा नंतर सांगत होता.

मी त्याच दिवशी शोधनिबंधाचा मसुदा लिहायला घेतला. परदेशी अर्जाची मुदत तीन आठवड्यांवर आली होती.

तिसऱ्या दिवशी सरांच्या येरझाऱ्या बदललेल्या मला जाणवल्या. खिडकी, यंत्र, वही; पुन्हा खिडकी.

"रक्ताचे आकडे बघितलेत?"

"हो सर. कायन्युरेनिनमध्ये फारसा फरक नाही. पण नमुने थोडे आहेत, त्यामुळे..."

"धूर आणि आग एकाच घरची. एका गटात धूर दुप्पट आणि आग सारखीच, असं कसं?" ते चालतच होते. "आणि हे पाहा. या पेठच्या मंडळींचं निओप्टेरिन, यंत्र तपासायला आपण तुमचे-माझे नमुने घातले होते ना, त्यांच्यापेक्षाही कमी आहे. आपण दोघं कधी आजारी नव्हतो. ही माणसं क्षयातून उठलेली. आपल्यापेक्षा निरोगी? कशावरून?"

त्यांनी वही उघडली आणि पेठच्या पानावर बोट ठेवले. सर यंत्रापाशी असल्याने त्या दिवशीची नोंद मीच केली होती. बाटल्या हाती आल्या सकाळी साडेदहाला. शीतपेटीत ठेवल्या दीड वाजता. हवा: कडक ऊन.

"हे तीन तास बाटल्या कुठं होत्या?"

मला ते ठाऊक होते. रक्ताच्या नळ्या लगेच आत गेल्या होत्या. बाटल्यांचे काळे कागद मी सगळे एकदम सोडवले होते आणि आकडे चिकटवण्यासाठी त्या दक्षिणेकडच्या खिडकीखाली ओळीने मांडल्या होत्या. तेवढ्यात पंपाचा दाब गेला, सरांनी हाक मारली आणि मी यंत्रापाशी अडकले. कागद पुन्हा गुंडाळले ते दीड वाजता. ही गोष्ट मला तक्ता जुळवण्याच्या दिवशीच आठवली होती, आणि फार फरक पडणार नाही असे मी स्वतःला सांगितले होते. ज्या पद्धतीने मी पूर्वग्रह टाळू पाहत होते, तिनेच नमुने बिघडवले होते, आणि मग पूर्वग्रहानेच मी गप्प राहिले होते.

"खिडकीखाली, सर. उघड्या."

सर खिडकीपाशी गेले आणि त्यांनी टेबलावर पडलेल्या उन्हात हात धरला, जणू त्याचे वजन करीत असावेत.

मी घाईने म्हणाले, "उजेडानं साधारण किती घट होते ते आपण मोजू शकतो, सर. तेवढी दुरुस्ती करून..."

"म्हणजे उत्तर आधी ठरवायचं, आणि मग बाटलीला विचारायचं, बाई, तुला पटतंय ना?"

"पण सर, निष्कर्ष तुमच्या बाजूचा आहे!"

"म्हणूनच तर." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तिला हे दाखवलं असतं मी. कालच दाखवणार होतो. ती झोपली होती, म्हणून राहिलं."

त्यांनी पेन काढले, पूर्ण पानावर एक तिरपी रेघ मारली आणि खाली लिहिले: नमुने तीन तास उन्हात राहिले. ग्राह्य नाहीत. जबाबदारी: गर्गे.

"सर, चूक माझी आहे. माझं नाव लिहा."

"हाक मी मारली होती. आणि प्रयोगशाळा माझी आहे." वही मिटून ते यंत्राकडे वळलेही होते. "तुमचं नाव चांगल्या कामावर येऊ दे. घाई काय आहे?"

घाई मला होती. त्या वर्षीचा माझा अर्ज शोधनिबंधाविना गेला आणि परत आला. पण खरी घाई त्यांची होती: सेवानिवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्यानंतर प्रयोगशाळेची जागा भांडारासाठी जाणार, हे ठरलेले होते. सरांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी ते स्वतः एस.टी.ने पेठला जात. एकदा मीही गेले. घाटाच्या साऱ्या रस्त्यात ते एका हाताने बर्फाची पेटी छातीशी धरून, दुसऱ्या हाताने दांड्याला धरून उभे होते. बसमध्ये अर्धी आसने रिकामी होती.

झिपरू भोये नावाचा एक शेतकरी आम्हाला पाहून हसला. "परत आलं, साहेब? मागच्या टायमाचा सांडला का काय?"

"सांडला नाही. आमच्याकडून नासला."

"मोठा डाक्टर आन् नासवतो!" त्याने बायकोकडे पाहून डोळे मिचकावले. "घ्या, घ्या. पान्याला काय तोटा नाय. मी लय बरा हाय. नागली एकटा कापतो."

"उदास वाटतं कधी?"

झिपरूने विचार केला. "वाटतं ना. पन कापनी थोडीच थांबते, साहेब?"

परतल्यावर सरांनी वही उघडली आणि काहीच न लिहिता मिटली. हे वाक्य त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

नवे आकडे निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात निघाले. निओप्टेरिन दोन्ही गटांत सारखे होते. कायन्युरेनिनही. धूर नव्हता, निदान आमच्या यंत्राला दिसेल असा नव्हता. वीस वर्षांचे अनुमान एका पानावर संपले. सरांनी ते पान स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढले, खाली माझे नाव आधी आणि स्वतःचे नंतर घातले, आणि एका लहानशा नियतकालिकाकडे पाठवले. काहीही न सापडल्याचा तो माझा पहिला शोधनिबंध. पुढच्या वर्षी मुलाखतीत मला त्याच्याविषयीच सर्वांत जास्त प्रश्न विचारले गेले आणि प्रवेश मिळाला.

निघण्यापूर्वी मी पंचवटीत त्यांचा निरोप घ्यायला गेले. अकरा वाजून गेले होते. सर अंगणातच भेटले, पायांत चपला, हातात पिशवी. घरात थांबण्याचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

"चला, चौकापर्यंत येतो. जिल्ह्याच्या वाचनालयात जायचंय. मुळात आपण लघवीत शोधतोय तेच चुकत असेल. मेंदूत आग असेल आणि धूर खाली येतच नसेल, तर?"

"ताईंना सांगितलंत, सर? निकालाचं?"

"सांगितलं. म्हणाली, म्हणजे मी खरंच आळशी निघाले तर." ते हसले नाहीत. "मी म्हटलं, एवढं यातून सिद्ध होत नाही. काहीच सिद्ध होत नाही. तर म्हणाली, मग जरा पडू दे मला."

आम्ही फाटकापाशी आलो. शेजारच्या ओट्यावर लोखंडे वहिनी होत्याच.

"काय सर, अकरा वाजले! स्वारी अजून अंथरुणातच?"

मी घड्याळ पाहिले. पाऊण तास, हे मी गृहीत धरले. माझी बस चुकणार होती.

"हो," सर म्हणाले. "दमलीय ती."

लोखंडे वहिनींनी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. मीही पाहिली. सर मात्र फाटकाकडे वळले होते. लोखंडी फाटक जुने होते आणि लावताना त्याची बिजागरी मोठ्याने किरकिरत असे. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी फाटक जरासे वर उचलून धरले, आणि घाई न करता, अजिबात आवाज होऊ न देता, ते लावून घेतले.